तीन समुद्रांची शिदोरी

साठ-सत्तरच्या दशकांत आपल्याकडे कॉलेजात असलेल्या पिढीला अ‍ॅलिस्टर मॅक्लीन कोण, हे सांगावे लागत नाही. सर्क्युलेटिंग लायब्ररीतून भाड्याने आणलेले त्याचे पाठ उसवलेले पेपरबॅक रात्री जागून संपवायचे आणि दुसऱ्या दिवसाचे भाडे चढायच्या आत परत करायचे, हा त्या वयातला नेमच होता. ज्यांना इंग्रजी वाचनाचा कंटाळा होता त्यांनी 'गन्स ऑफ नॅव्हरॉन' आणि 'व्हेअर ईगल्स डेअर' पडद्यावर पाहिले. पुढे त्याच्या बऱ्याच कादंबऱ्या मराठीतही आल्या आणि गावोगावच्या वाचनालयांतून फिरू लागल्या. त्याच्या पुस्तकांच्या जगभर मिळून सुमारे पंधरा कोटी प्रती खपल्या असा अंदाज सांगितला जातो.

एवढा वाचला गेलेला हा लेखक स्वतःला मात्र कादंबरीकार म्हणवून घ्यायला तयार नसे. मी गोष्ट सांगणारा माणूस आहे, यात कला वगैरे काही नाही, असे तो मुलाखतींतून पुनःपुन्हा सांगे. लोकप्रिय लेखकाचा हा विनय असेल असे कुणालाही वाटावे. पण मॅक्लीनचे आयुष्य जवळून पाहिले की लक्षात येते, तो विनय नव्हता. त्याला खरोखरच तसे वाटत होते आणि त्या वाटण्याची किंमत त्याने पुरेपूर मोजली.

मॅक्लीनचा जन्म 1922 च्या एप्रिलमध्ये ग्लासगोचा, पण बालपण गेले स्कॉटलंडच्या उत्तरेला, इन्व्हर्नेसजवळच्या डेव्हिअट या खेड्यात. वडील चर्च ऑफ स्कॉटलंडचे धर्मोपदेशक. चार भावांत हा तिसरा. घरात भाषा गेलिक. म्हणजे ज्या इंग्रजीत त्याने कोट्यवधी वाचक मिळवले ती त्याची मातृभाषा नव्हती. ती तो नंतर, आपली मुले शिकतात तशी, शिकला. त्याच्या इंग्रजीवर टीकाकार नाक मुरडत, त्याची वाक्ये अवजड आहेत, विशेषणांची खैरात आहे, असे म्हणत. त्यात तथ्यही आहे. पण परक्या भाषेत शिरलेला माणूस शब्दांच्या बाबतीत थोडा उधळ्या होतो हे आपल्याला वेगळे सांगायला नको. आपल्याकडच्या जुन्या पिढीतल्या वकिलांची इंग्रजी पत्रे वाचून पाहावीत.

वडील अकाली गेले आणि आई मुलांना घेऊन ग्लासगोला परतली. धर्मोपदेशकाचे घर म्हणून राहायला मिळालेली वास्तू सोडावी लागली. पुढे युद्ध सुरू झाले आणि 1941 मध्ये हा मुलगा शाही नौदलात साधा खलाशी म्हणून भरती झाला. अधिकारी म्हणून नव्हे, हे महत्त्वाचे. युद्धावर पुढे ज्यांनी नामांकित पुस्तके लिहिली त्यांतले पुष्कळजण अधिकाऱ्यांच्या दालनातून युद्ध पाहिलेले होते. मॅक्लीनने ते पाहिले खालच्या डेकवरून, झोळीच्या बिछान्यात झोपून आणि पाणतीर विभागात काम करून.

1943 पासून तो 'रॉयलिस्ट' या हलक्या क्रूझरवर होता. या एका जहाजाने त्याला तीन समुद्र दाखवले. पहिला, उत्तर ध्रुवाकडचा. रशियाला रसद पोहोचवण्यासाठी ब्रिटन आणि आइसलंडहून व्यापारी जहाजांचे काफिले मुर्मान्स्क आणि अर्खांगेल्स्क बंदरांकडे जात, त्यांच्या रक्षणाला लढाऊ जहाजे असत. नॉर्वेच्या किनाऱ्यावर दडून बसलेल्या 'टिर्पिट्झ' या प्रचंड जर्मन युद्धनौकेवर हल्ले करायला निघालेल्या विमानवाहू नौकांच्या सोबतीलाही 'रॉयलिस्ट' गेली. दुसरा समुद्र भूमध्य: 1944 मध्ये दक्षिण फ्रान्सवरील चढाई, मग क्रीटच्या आसपास जर्मनांच्या रसदीची जहाजे बुडवणे, एजियन समुद्रातल्या मिलोस बेटावर तोफांचा मारा. तिसरा, आपल्याकडचा. 1945 मध्ये 'रॉयलिस्ट' हिंदी महासागरात आली आणि ब्रह्मदेश, मलाया, सुमात्रा या भागांतील जपानी ठाण्यांवरच्या मोहिमांत होती. जपानने शरणागती पत्करल्यावर सिंगापूरच्या चांगी तुरुंगातून सुटलेल्या युद्धकैद्यांना हलवण्याच्या कामातही तिचा हात होता. अस्थिपंजर झालेली ती माणसे पाहिली तेव्हा मॅक्लीन तेवीस वर्षांचा होता.

1946 मध्ये नौदलातून सुटका झाल्यावर त्याने ग्लासगो विद्यापीठात इंग्रजी घेतले. खर्च भागवायला टपाल खात्यात काम केले, रस्तेही झाडले. पदवी घेऊन तो ग्लासगोलगतच्या रदरग्लेन येथे शाळामास्तर झाला. 1953 मध्ये त्याने गिझेला हाइनरिक्सन या जर्मन तरुणीशी लग्न केले. ज्या राष्ट्राच्या पाणबुड्यांना चुकवीत ऐन तारुण्य काढले तिथलीच बायको त्याने केली. त्याच्या पुस्तकांतही जर्मन सैनिक सरसकट राक्षस नसतात; त्यांच्यातही सभ्य आणि कर्तबगार माणसे असतात. त्या काळच्या इंग्रजी युद्धकथांत ही गोष्ट तशी दुर्मीळच.

मास्तरकीच्या पगारात भागत नव्हते. 1954 मध्ये 'ग्लासगो हेरल्ड' या वृत्तपत्राने लघुकथा स्पर्धा जाहीर केली. मॅक्लीनने वादळात अडकलेल्या होडीची एक कथा पाठवली. नाव गेलिक, 'दिलेअस', म्हणजे निष्ठावंत. तिला पहिले बक्षीस मिळाले, शंभर पौंड. कथा छापून आली तेव्हा ग्लासगोतल्या कॉलिन्स या प्रकाशनसंस्थेत काम करणाऱ्या इयन चॅपमन या तरुणाच्या पत्नीने ती वाचली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले. चॅपमनने स्वतः ती वाचली आणि कथेच्या लेखकाला शोधून काढले. कादंबरी लिहा, असा त्याने आग्रह धरला. मॅक्लीनला ते पटले नव्हते. कादंबरी लिहिणे हे आपले काम नाही, असे त्याचे म्हणणे होते. पण घरची ओढाताण होती आणि चॅपमन चिकाटीचा होता. हाच चॅपमन पुढे कॉलिन्सचा अध्यक्ष झाला. शाळा सांभाळून मॅक्लीनने अवघ्या दहा आठवड्यांत हस्तलिखित पुरे केले. 'एच. एम. एस. युलिसिस' हे त्याचे नाव.

या पुस्तकाजवळ थोडे थांबायला हवे, कारण मॅक्लीनची इतर सगळी पुस्तके एका पारड्यात आणि हे एक दुसऱ्यात घातले तरी तराजू हलणार नाही, असे माझे मत आहे.

कथा अशी: अतिश्रमाने पिचून गेलेल्या खलाशांनी बंड केल्याचा डाग 'युलिसिस' या क्रूझरवर लागलेला आहे. शिक्षा म्हणून की संधी म्हणून कोण जाणे, तिला पुन्हा रशियाच्या फेरीवर पाठवले जाते. काफिल्याचे काल्पनिक नाव एफआर 77. कप्तान व्हॅलरी क्षयाने पोखरलेला, रुमालात रक्त थुंकणारा. पण जहाजाच्या तळापासून माथ्यापर्यंत फिरून प्रत्येक खलाशाशी दोन शब्द बोलल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. शत्रू तीन: पाणबुड्या, विमाने आणि हवा. यातला तिसरा सर्वांत क्रूर. उडणारे पाणी डेकवर पडता पडता गोठते. त्या बर्फाचे वजन वाढत गेले तर जहाज कलंडते, म्हणून कुऱ्हाडी घेऊन तो सतत फोडत राहायचा. पाण्यात पडलेला माणूस काही मिनिटांत संपतो. रॅल्स्टन नावाच्या एका पोरसवदा खलाशाला पेटलेल्या तेलवाहू जहाजावर पाणतीर सोडण्याचा हुकूम होतो, कारण त्याच्या ज्वाळांमुळे साऱ्या काफिल्याचा ठावठिकाणा शत्रूला कळतो आहे. पोरगा हुकूम पाळतो. त्या जहाजाचा कप्तान त्याचा बाप असतो.

खऱ्या इतिहासात यातली काही माणसे नाहीत, पण परिस्थिती आहे. 1942 च्या जूनअखेर आइसलंडहून निघालेल्या पीक्यू 17 या काफिल्यात 35 व्यापारी जहाजे होती. 'टिर्पिट्झ' येते आहे या समजुतीने 4 जुलै रोजी लंडनहून काफिल्याला पांगण्याचा हुकूम झाला, रक्षक जहाजे माघारी वळली आणि एकाकी पडलेली 24 जहाजे पाणबुड्यांनी व विमानांनी बुडवली. मॅक्लीन स्वतः या काफिल्यात होता असे कुठे कुठे छापलेले आढळते. ते खरे असू शकत नाही. 'रॉयलिस्ट' सेवेत दाखल झाली तीच मुळी 1943 मध्ये. पण त्याच पाण्यावर, त्याच थंडीत, त्याच माणसांबरोबर तो राहिला होता. जे कानांवर आले आणि जे अंगावर घेतले, ते दोन्ही त्याने एकत्र केले. दर्यावर्दी कप्तान असलेला त्याचा भाऊ इयन जहाजी तपशील तपासून द्यायला होताच.

आता गंमत पाहा. हे पुस्तक कसे लिहिले, असे विचारले की मॅक्लीन सांगे, मी चौकटींचा एक तक्ता आखला. एका बाजूला पात्रे, दुसऱ्या बाजूला प्रकरणे, आणि कोण कुठे मरतो तिथे फुली. शेवटी पाहिले तर फुल्या काही प्रकरणांतच दाटल्या होत्या, म्हणून मरणांची वाटणी नीट करून घेतली. हे सांगणारा माणूस आपल्या सर्वांत जिव्हाळ्याच्या पुस्तकाबद्दल बोलत होता. वाण्याने वहीतली बाकी सांगावी तसा त्याचा सूर असे. हा सूर त्याने पुढे कधी सोडला नाही.

'युलिसिस' 1955 मध्ये आले आणि ब्रिटनमध्ये पहिल्या सहा महिन्यांत अडीच लाख पक्क्या बांधणीच्या प्रती खपल्या. शाही नौदलाची अशी अवस्था दाखवली म्हणून काही जुन्या मंडळींना रागही आला. चित्रपटाचे हक्क तीस हजार पौंडांना विकले गेले. चित्रपट कधीच निघाला नाही, पण मास्तरकी सुटली.

दुसऱ्या पुस्तकासाठी त्याने शिदोरीतला दुसरा समुद्र काढला. 1957 ची 'द गन्स ऑफ नॅव्हरॉन' एजियनमध्ये घडते. नॅव्हरॉन नावाचे बेट नकाशावर नाही; पण 1943 च्या शरदात लेरॉस बेटावरची ब्रिटिश शिबंदी जर्मनांनी कोंडून जिंकली, त्या पराभवाची सावली कथेवर आहे. कादंबरीत खेरॉस बेटावर बाराशे ब्रिटिश सैनिक अडकले आहेत आणि त्यांना सोडवायला येणाऱ्या विनाशिकांची वाट नॅव्हरॉनच्या कड्यात बसवलेल्या दोन अजस्र तोफा अडवून आहेत. पाच माणसे वादळी रात्री कडा चढून जातात. त्यांचा नायक मॅलरी न्यूझीलंडचा गिर्यारोहक आहे. आडनाव वाचून एव्हरेस्टवर नाहीशा झालेल्या मॅलरीची आठवण व्हावी. 1961 मध्ये ग्रेगरी पेक, डेव्हिड निव्हन आणि अँथनी क्विन यांना घेऊन निघालेला चित्रपट अफाट चालला आणि त्याच्या ट्रिक दृश्यांना ऑस्कर मिळाले. कादंबरीतले दोन ग्रीक साथीदार पुरुष होते, चित्रपटवाल्यांनी त्यांच्या बायका केल्या. मॅक्लीन प्रेमप्रकरणांना सहसा फिरकू देत नसे. त्याने कथेची गती मंदावते, असे त्याचे मत. आमच्या घरांत त्याची पुस्तके बापलेकांना एकाच कपाटातून वाचता आली, याचे श्रेय या मताला द्यायला हवे.

तिसरा समुद्र 'साउथ बाय जावा हेड' या 1958 च्या पुस्तकात आला. 1942 च्या फेब्रुवारीत पडणारे सिंगापूर, धुराने काळवंडलेले बंदर, मिळेल त्या जहाजाने पळणारी माणसे. तिथे मॅक्लीन पोहोचला होता तीन वर्षांनी, उरलेले अवशेष पाहायला.

तीन पुस्तकांत तीन समुद्र संपले. पुढची जवळजवळ तीस वर्षे आणि पंचवीसच्या आसपास पुस्तके त्याने कल्पनेच्या आणि हुन्नराच्या बळावर काढली, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. त्यांतली पहिली काही हुन्नराच्या दृष्टीने अव्वल आहेत, हे मान्य करायलाच हवे. ग्रीनलंडच्या बर्फपठारावर उतरलेल्या विमानाची 'नाइट विदाउट एंड', शेवटच्या पानांपर्यंत निवेदकाचा हेतूच कळू न देणारी 'फिअर इज द की', ध्रुवीय बर्फाखालून जाणाऱ्या अणुपाणबुडीची 'आइस स्टेशन झेब्रा'. साचा ठरलेला: मोजकी माणसे, अशक्य कामगिरी, निर्दय हवामान आणि आपल्यातलाच एक फितूर. रेडिओ बिघडला की समजावे, फितुराने काम सुरू केले. नायक मितभाषी, मार खाऊनही उभा राहणारा, आणि वाचकापासूनही काहीतरी लपवून ठेवणारा. हे शेवटचे खास मॅक्लीनचे. आपल्याला वाटते आपण नायकाच्या खांद्यावर बसून सारे पाहतो आहोत. दोनशे पाने उलटल्यावर कळते की त्याने आपल्यालाही पत्ता लागू दिलेला नाही. आपण रागावत नाही, उलट मागची पाने चाळून पाहतो.

याच सुमारास त्याने एक विलक्षण प्रयोग केला. लोक पुस्तक वाचतात की नाव, हे त्याला पाहायचे होते. 'इयन स्टुअर्ट' या टोपणनावाने त्याने 1961 मध्ये 'द डार्क क्रुसेडर' आणि 1962 मध्ये 'द सेटन बग' ही पुस्तके काढली. तीही चांगली खपली. दुसरा एखादा असता तर यावर समाधान मानून कामाला लागला असता. मॅक्लीनने काय केले? 1963 नंतर लिहिणेच थांबवले आणि इंग्लंडमध्ये हॉटेले चालवायला घेतली. त्यांत कॉर्नवॉलच्या माळावरची 'जमेका इन' ही जुनी खाणावळही होती. डॅफ्नी द्यु मॉरिएच्या कादंबरीने अजरामर केलेली. एका लेखकाने दुसरीच्या कादंबरीतली वास्तू विकत घेऊन गल्ल्यावर बसावे! पण हॉटेल चालवणे हे लेखनाइतके सोपे नाही, हे त्याला तीनेक वर्षांत कळले आणि 1966 मध्ये 'व्हेन एट बेल्स टोल' घेऊन तो परतला. ही कथा स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर घडते. घरचे पाणी, घरचा पाऊस. नंतरच्या पुस्तकांतले मला सर्वांत आवडते ते हेच.

मग सिनेमावाले आले. एलियट कॅसनर या निर्मात्याने त्याला पुस्तकाचे हक्क न मागता थेट पटकथाच मागितली. रिचर्ड बर्टनला मुलांना दाखवता येईल असा धाडसपट हवा होता, ही त्यामागची गोष्ट. मॅक्लीनने सहा आठवड्यांत 'व्हेअर ईगल्स डेअर' लिहून दिली. शीर्षक शेक्सपिअरच्या 'रिचर्ड द थर्ड' मधल्या शब्दांवरून. कादंबरी 1967 मध्ये आली, बर्टन आणि क्लिंट ईस्टवुडचा चित्रपट 1968 मध्ये. ऑस्ट्रियातल्या होहेनवेर्फेन किल्ल्यावर त्याचे चित्रीकरण झाले. केबल कारच्या टपावरची ती मारामारी ज्यांनी थिएटरात पाहिली त्यांना पुढच्या सगळ्या मारामाऱ्या थोड्या फिक्या वाटल्या असतील.

पैसा आता अमाप होता. कराच्या भीतीने तो 1957 च्या सुमारासच स्वित्झर्लंडला गेला होता. आणि पैशाबरोबर दारूही वाढत होती. 1972 मध्ये गिझेलाशी घटस्फोट झाला, त्याच वर्षी मार्सेल जॉर्जियस या फ्रेंच अभिनेत्रीशी लग्न, तेही 1977 मध्ये मोडले. सत्तरच्या दशकातली पुस्तके वाचताना हात आखडत गेल्याचे जाणवते. पात्रे एकमेकांशी लढण्याऐवजी मद्याचे पेले हातात घेऊन एकमेकांची खिल्ली उडवत बसतात. संकट येते, पण कुणाला थंडी वाजत नाही. तरीही प्रती खपतच राहिल्या आणि प्रकाशकाला थांबवण्याचे कारण उरले नाही. पुस्तक सुमारे पस्तीस दिवसांत उरकतो, कारण लिहिणे आवडत नाही, असे तो उघड म्हणे. कोणी करमुक्त एक लाख पौंड दिले तर पुन्हा एक शब्द लिहिणार नाही, असेही तो पूर्वी म्हणाला होता. त्याच्या कितीतरी पट पैसे मिळाले. लिहिणे थांबले नाही.

या काळातली एक हकिकत मला त्याच्या सगळ्या पुस्तकांपेक्षा चटका लावणारी वाटते. उतारवयात, दारूच्या अमलाखाली, तो सांगू लागला की युद्धात आपण पूल उडवले, जपान्यांच्या हाती सापडलो आणि त्यांनी छळ करून आपले दात उपटले. त्याचा मुलगा आणि त्याचा चरित्रकार जॅक वेब्स्टर या दोघांनीही ही बडबड असल्याचे म्हटले आहे. ज्या माणसाने ध्रुवीय समुद्रात काफिल्यांची सोबत केली, चांगीहून सुटलेली माणसे डोळ्यांनी पाहिली, त्याला स्वतःच्या आयुष्याला मॅक्लीनच्या नायकाचे ठिगळ जोडावेसे वाटले. खऱ्याची किंमत त्याच्याच लेखी उरली नव्हती. खरे तर 'युलिसिस' मध्ये एकही माणूस पूल उडवत नाही. ती माणसे फक्त पहाऱ्यावर उभी राहतात, बर्फ फोडतात, हुकूम पाळतात आणि मरतात. तेवढ्यावर त्याने वाचकाला रडवले होते.

1983 मध्ये ग्लासगो विद्यापीठाने त्याला सन्माननीय डी. लिट. दिली. कधीकाळी रस्ते झाडून ज्या विद्यापीठाची फी भरली तिथलाच हा मान. 2 फेब्रुवारी 1987 रोजी म्युनिकमध्ये पक्षाघाताच्या झटक्यांनंतर तो गेला. वय 64. स्वित्झर्लंडमधल्या सेलिन्यी या गावात त्याला पुरले. तीन वर्षांपूर्वी त्याच गावात रिचर्ड बर्टनला पुरले होते. दोघेही खेड्यातून निघालेले, दोघांचीही घरची भाषा इंग्रजी नव्हती, बर्टनची वेल्श.

त्याच्या नावाचा व्यवहार मात्र थांबला नाही. दूरचित्रवाणीसाठी त्याने काही कथासूत्रे लिहून दिली होती. ती घेऊन जॉन डेनिस आणि अ‍ॅलिस्टर मॅकनील यांच्या नावांनी कादंबऱ्या निघाल्या. वर मॅक्लीनचे नाव ठसठशीत, खाली खऱ्या लेखकाचे बारीक. तेव्हा जुन्या पुस्तकांच्या ढिगातून त्याचे पुस्तक उचलताना मुखपृष्ठाचा खालचा कोपरा पाहून घ्यावा. आणि घरातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलासाठी किंवा मुलीसाठी घेत असाल तर सुरुवात 'नॅव्हरॉन' ने करावी. 'युलिसिस' नंतर, ते थोडे मोठे झाल्यावर द्यावे.